वापरलेल्या भागांचे मोल : हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाचे उत्तरचरित्र

उद्योगाचा इतिहास लिहिणारे बहुधा कारखान्याच्या फाटकापाशी थांबतात. किती मोटारी तयार झाल्या, किती विकल्या गेल्या, कोणत्या वर्षी कोणता नमुना बाजारात आला आणि कोणत्या वर्षी तो बंद पडला, एवढे सांगून झाले की त्या यंत्राचे चरित्र पूर्ण झाले असे मानण्याची प्रथा आहे. या प्रथेनुसार पाहू गेल्यास फोक्सवॅगन कंपनीच्या ‘बीटल’ या मोटारीचे चरित्र ३० जुलै २००३ रोजी मेक्सिकोतील पुएब्ला येथे संपले. त्या दिवशी २,१५,२९,४६४ क्रमांकाची मोटार बाहेर पडली, तिला वाजतगाजत निरोप देण्यात आला आणि ती जर्मनीत वोल्फ्सबुर्ग येथील संग्रहालयाकडे रवाना झाली. परंतु या मोटारीच्या मागील भागात बसणाऱ्या, हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाचा व्यवहार त्या दिवशी थांबला नाही. सिलिंडर, हेड, क्रँकशाफ्ट, पंख्याची आवरणे, कार्ब्युरेटर अशा वापरलेल्या भागांची खरेदी-विक्री कारखाना चालू असतानाही होत होती आणि कारखाना बंद झाल्यावरही होत राहिली. किंबहुना या इंजिनाच्या बाबतीत जुन्या भागांचा बाजार हाच इतिहासाचा उत्तरार्ध आहे. जुन्या वस्तूचे मोल तिच्या उपयोगावर ठरवावे की तिच्या मूळपणावर, हा मोठा प्रश्न या बाजाराने अर्धशतकाहून अधिक काळ आपल्या पद्धतीने हाताळला आहे.

इंजिन थंड राखण्यासाठी पाण्याऐवजी हवा वापरावी ही कल्पना बीटलच्या पुष्कळ आधीची होती. अमेरिकेत फ्रँकलिन कंपनीने विसाव्या शतकाच्या आरंभापासून १९३४ पर्यंत अशा मोटारी बनविल्या. चेकोस्लोव्हाकियात टाट्रा कंपनीने तोच मार्ग धरला, आणि पुढे फ्रान्सची सित्रोएन २ सीव्ही, इटलीची फियाट ५०० व अमेरिकेची शेव्हरोले कॉर्व्हेअर याही त्याच पंथात आल्या. पाणी नाही म्हणून रेडिएटर नाही, पाण्याचा पंप नाही, हिवाळ्यात पाणी गोठून इंजिन फुटण्याची भीती नाही. ज्या मध्य युरोपातील सामान्य माणसाला मोटार उघड्यावर ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हते, त्याच्या दृष्टीने हा गुण मोलाचा होता. फर्डिनांड पोर्शे यांच्या कार्यालयात १९३० नंतरच्या दशकात फ्रान्झ राइमश्पीस यांनी जे इंजिन सिद्ध केले त्यात चार सिलिंडर दोन-दोनच्या जोडीने परस्परांसमोर आडवे निजलेले होते. प्रत्येक सिलिंडरभोवती ओतीव पात्यांची वलये होती आणि डायनॅमोच्याच दांड्यावर बसविलेला पंखा त्या पात्यांमधून हवा खेळवीत असे. आरंभी त्याची क्षमता ९८५ घनसेंटिमीटर होती. पुढे ती टप्प्याटप्प्याने १,१३१, ११९२, १३००, १५०० आणि शेवटी १६०० च्या घरात गेली.

या रचनेचा एक परिणाम तिच्या जनकांनी कदाचित फारसा विचारात घेतला नसेल, पण जुन्या भागांच्या व्यापाराने तो पुरेपूर ओळखला. सामान्यतः पाण्यावर थंड होणाऱ्या इंजिनात सर्व सिलिंडर एकाच ओतीव ठोकळ्यात कोरलेले असतात. एकाला इजा झाली की संपूर्ण ठोकळा उतरवून लेथवर न्यावा लागतो. येथे मात्र चारही सिलिंडर सुटे. क्रँककेस म्हणजे इंजिनाची मुख्य पेटी, तीही उभी चिरलेल्या नारळासारखी दोन अर्धुकांची. एका बाजूचे दोन सिलिंडर एका हेडखाली, दुसऱ्या बाजूचे दोन दुसऱ्या हेडखाली. सबंध इंजिन गिअरबॉक्सला चार ठिकाणी जखडलेले असे. ते चार नट-बोल्ट आणि काही तारा-नळ्या सोडविल्या की एक जॅक व दोन माणसे यांच्या साहाय्याने ते गाडीखालून बाहेर ओढता येई. जे इतक्या सहज सुटे होते ते तितक्याच सहज विकताही येते. बिघाड झाला तर इंजिन टाकून न देता त्याचा एक अवयव बदलावा, आणि अपघातात मोटार निकामी झाली तर तिचे धड अवयव दुसऱ्या मोटारीच्या कामी यावेत, ही शक्यता या इंजिनाच्या घडणीतच होती.

या इंजिनाच्या जन्माची कथा मात्र निष्पाप नाही. फालर्सलेबेनजवळ २६ मे १९३८ रोजी कारखान्याची कोनशिला बसविण्यात आली ती नाझी राजवटीच्या छत्राखाली. ९९० मार्कांची मोटार मिळेल या आशेने सुमारे ३,३६,००० लोकांनी आठवड्याला किमान पाच मार्कांची तिकिटे घेऊन आपापल्या पुस्तिकांत चिकटविली. त्यांतील एकाही बचतदाराला त्या योजनेतून मोटार मिळाली नाही. युद्ध सुरू झाले, कारखाना लष्करी उत्पादनाकडे वळला आणि तेथे सुमारे २०,००० माणसांना सक्तीने राबविण्यात आले. त्यांत युद्धकैदी होते, व्यापलेल्या देशांतून आणलेले स्त्रीपुरुष होते आणि छळछावण्यांतील बंदीही होते. बचतदारांचा दावा न्यायालयांत १९६१ पर्यंत रेंगाळला, आणि अखेर नव्या मोटारीच्या किमतीत ६०० मार्कांपर्यंत सूट किंवा रोख १०० मार्क या तडजोडीवर मिटला. जुन्या भागांच्या बाजारात युद्धकाळातील एखादे इंजिन आजही फार मोठ्या किमतीला जाते. त्याच्या पेटीवर ठोकलेला क्रमांक त्याचे वय सांगतो, पण ते कोणाच्या हातांनी जुळविले गेले हे सांगत नाही. जुन्या वस्तूच्या मूळपणाचा गौरव करताना ही त्रुटी ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

युद्धानंतर बॉम्बहल्ल्यांत अर्धवट उद्ध्वस्त झालेला हा कारखाना ब्रिटिश लष्कराच्या ताब्यात आला. मेजर आयव्हन हर्स्ट या अधिकाऱ्याने तो पुन्हा चालू केला आणि ब्रिटिश लष्कराने २०,००० मोटारींची मागणी नोंदविली. खरी अडचण सुट्या भागांची होती. कार्ब्युरेटर मिळेनात. तेव्हा एक कार्ब्युरेटर उकलून त्याचे मोठे भाग कारखान्यातच करावयाचे आणि बारीक भाग ब्राउनश्वाइग येथील फोइग्टलेंडर या कॅमेरे बनविणाऱ्या कंपनीकडून करवून घ्यावयाचे, असा तोडगा काढण्यात आला. एका भागाच्या अभावी सबंध मोटार अडून राहते, हा धडा या कारखान्याने आपल्या पुनर्जन्माच्या घटकेलाच घेतला.

१९४८ च्या आरंभी कारखान्याची सूत्रे हाइनरिख नॉर्डहॉफ यांच्याकडे आली. मोटारीचे बाह्यरूप शक्यतो बदलावयाचे नाही, पण आतील भाग सतत सुधारीत राहावयाचे, आणि जेथे मोटार विकावयाची तेथे दुरुस्तीची व सुट्या भागांची सोय आधी करावयाची, हे त्यांचे धोरण होते. या धोरणाला आधार होता तो भागांच्या क्रमांकपद्धतीचा. प्रत्येक भागाला नऊ अंकांचा क्रमांक असे. आरंभीचे अंक मोटारीचा प्रकार सांगत, त्यापुढील अंक मुख्य गट व उपगट दर्शवीत, आणि अखेरीस जोडलेले अक्षर तो भाग कितव्यांदा सुधारला आहे याची खूण देई. इंजिनाच्या भागांचा मुख्य गट पहिला. ही पद्धत एखाद्या व्याकरणासारखी होती. ती ज्याला अवगत झाली त्याला भंगाराच्या ढिगाऱ्यातून उचललेल्या काळवंडलेल्या तुकड्याचेही कुलगोत्र वाचता येई. कारखान्याने आपल्या भांडारासाठी निर्माण केलेली ही लिपी पुढे जुन्या बाजाराची बोलीभाषा झाली.

जुन्या भागांना प्रतिष्ठा देण्याचे कामही प्रथम कारखान्यानेच केले. झिजलेले इंजिन परत करावे आणि त्याच्या बदल्यात पुन्हा बांधलेले इंजिन कमी किमतीत घ्यावे, अशी अदलाबदलीची योजना कंपनीने युद्धोत्तर टंचाईच्या काळात चालू केली. कासेल शहराजवळ १९५८ मध्ये जो कारखाना सुरू झाला त्याचे आरंभीचे काम जुनी इंजिने व गिअरबॉक्स नव्याने सिद्ध करण्याचेच होते. परत आलेले इंजिन तेथे पूर्णपणे उकलले जाई. वापरण्याजोगे भाग निवडून, तासून, मोजून पुन्हा जुळविले जात. ते भाग ज्या इंजिनातून आले त्याच इंजिनात परत जातील असा काही नियम नव्हता. अशा पुनर्रचित इंजिनाच्या क्रमांकासोबत ‘एक्स’ हे अक्षर ठोकण्यात येई. आपला माल एकदा वापरला गेलेला आहे, आणि तरीही तो कारखान्याच्या हमीस पात्र आहे, असे त्या एका अक्षराने जाहीर केले जात असे. उपयोग हीच वस्तूची ओळख, ही भूमिका येथे स्वच्छपणे मांडली गेली होती.

या भूमिकेला मुक्त बाजाराचे रूप मिळाले ते मुख्यतः अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात. १९५० नंतरच्या दशकात तेथे बीटल मोठ्या संख्येने येऊ लागली आणि अपरिहार्यपणे अपघातग्रस्त मोटारीही भंगारवाड्यांत साचू लागल्या. १९६४ मध्ये ब्रूस मेयर्स यांनी न्यूपोर्ट बीच येथे ‘मेयर्स मँक्स’ ही काचतंतूंच्या कवचाची, वाळूवर धावणारी छोटी गाडी तयार केली. तिच्या पुढील आवृत्तीत बीटलचा सांगाडा सुमारे ३६ सेंटिमीटरांनी कापून आखूड करावयाचा आणि त्यावर हे कवच बसवावयाचे अशी योजना होती. इंजिनही अर्थातच बीटलचेच. १९६७ मध्ये अशाच गाडीने मेक्सिकोतील बाहा द्वीपकल्पाचा खडतर प्रवास ३५ तासांच्या आत पुरा केला आणि तिची कीर्ती पसरली. ज्या चेपलेल्या बीटलला कालपर्यंत कोणी विचारीत नव्हते तिच्या सांगाड्याला आणि इंजिनाला एकाएकी गिऱ्हाईक आले. युरोपातही याच सुमारास निराळा प्रकार चालू होता. फ्रान्समध्ये रोझे द्रुइन यांनी आखलेल्या ‘तुर्ब्युलां’सारख्या एका माणसाच्या छोट्या विमानात फोक्सवॅगनचे इंजिन फेरफार करून बसविले जाई. रस्त्यासाठी जन्मलेले यंत्र आकाशातही चालू लागले.

१९६९ मध्ये न्यू मेक्सिकोतून जॉन म्यूर यांचे बीटलच्या दुरुस्तीवरील सचित्र पुस्तक प्रसिद्ध झाले. लेखक मूळचे अभियंते. यंत्राचे शास्त्र ज्याला मुळीच ठाऊक नाही अशा माणसाने आपले इंजिन स्वतःच्या हातांनी कसे उतरवावे, उकलावे आणि पुन्हा जुळवावे हे त्यांनी पायरीपायरीने सांगितले. या पुस्तकामुळे हजारो मालक स्वतःच मिस्त्री झाले. मिस्त्री झालेल्या मालकाला भाग लागतात, आणि त्याच्याजवळ उरलेले भागही साठतात. तो एकाच वेळी ग्राहक आणि विक्रेता होतो. १९७५ पासून लॉस एंजेलिसजवळ पोमोना येथे भरू लागलेल्या जुन्या मोटारींच्या व भागांच्या बाजाराचा पाया या दुहेरी भूमिकेच्या माणसांनीच घातला. अशा बाजारात उजाडण्यापूर्वीच जाणकारांची गर्दी होते. विक्रेते माल मांडत असतानाच बॅटरीच्या उजेडात ढीग चाळले जातात, कारण चांगला माल सूर्योदयाची वाट पाहत नाही.

या जाणकारांची परीक्षा पाहण्यासारखी असते. इंजिन विकावयास आले की प्रथम त्याच्या टोकाची पुली हाताने धरून आत-बाहेर ढकलून पाहतात. क्रँकशाफ्टला लांबीच्या दिशेने मिलिमीटरच्या सुमारे सात ते तेरा शतांश भागांएवढीच हालचाल असावी, असा संकेत आहे. हाताला खट्ट असा धक्का स्पष्ट जाणवला तर आतील झीज हद्दीपलीकडे गेलेली असते. मग दृष्टी वळते क्रँककेसकडे. ती मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची. ॲल्युमिनियमपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने हलकी, पण उष्णतेने लवकर मऊ पडणारी. सिलिंडर व हेड आवळून धरणारे लांब स्टड तिच्यातून आट्यांसकट उपटून येतात. तिसऱ्या सिलिंडरच्या मागे तिला बारीक तडा जातो. मुख्य बेअरिंग बसण्याच्या जागा झिजून लंबगोल होतात. त्या एका रेषेत पुन्हा कोरून जाड बेअरिंग बसविता येतात, परंतु हा उपाय मोजक्याच वेळा करता येतो. म्हणून उघडलेल्या इंजिनातील बेअरिंग उलटी करून तिच्या पाठीवरील माप वाचतात. त्या मापावरून ही पेटी किती वेळा कोरली गेली आणि तिच्या आयुष्याचे किती फेरे उरले, हे कळते. हेडमध्ये व्हॉल्वच्या बैठकीपासून स्पार्क प्लगच्या छिद्रापर्यंत गेलेला तडा शोधतात. काजळी पुसल्यावाचून तो दिसत नाही, आणि अप्रामाणिक विक्रेता हेड काळेच ठेवतो.

या बाजारातील भागांना केवळ किंमत नसते, त्यांचा इतिहासही असतो. जुन्या इंजिनात तेल थंड करणारा भाग पंख्याच्या आवरणातच उभा असे आणि तो तिसऱ्या सिलिंडरकडे जाणारी हवा अडवीत असे. म्हणून तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व इतरांच्या आधी जळे. १९७१ च्या नमुन्यापासून तो भाग आवरणाबाहेर काढून त्याला स्वतंत्र कप्पा देण्यात आला. हे सुधारित आवरण मोडीत निघालेल्या नव्या मोटारीतून काढून जुन्या मोटारीला लावण्याची रीत लवकरच सर्वत्र रूढ झाली. नंतरच्या पिढीचा अवयव आधीच्या पिढीचा दोष दूर करतो आणि तिचे आयुष्य वाढवितो, असा हा उलटा वारसा होता. त्याच्या नेमके विरुद्ध उदाहरण १९६० पूर्वीच्या ३० अश्वशक्तीच्या इंजिनाचे. १९६० च्या ऑगस्टमध्ये ३४ अश्वशक्तीचे नवे इंजिन आले. त्यात डायनॅमोची बैठकसुद्धा, जी पूर्वी पेटीतच ओतलेली असे, सुटी झाली. जुन्या इंजिनाचे फार थोडे भाग नव्याला लागतात आणि नव्याचे जुन्याला लागत नाहीत. त्यामुळे ज्या हेडांना एकेकाळी कोणी वाली नव्हता ती पुढे शोधूनही सापडेनाशी झाली.

याच मुळापासून फुटलेली दुसरी शाखा पोर्शे मोटारींची. १९४८ मध्ये ऑस्ट्रियातील ग्म्युंड येथे पहिली ‘पोर्शे ३५६’ तयार झाली तेव्हा तिचे इंजिन व इतर अनेक भाग फोक्सवॅगनचेच होते. पुढे श्टुटगार्ट येथे ही मोटार वाढली, तिचे इंजिन हळूहळू स्वतंत्र झाले, आणि १९६३ मध्ये लोकांपुढे आलेल्या ‘९११’ मध्ये सहा सिलिंडरचे, पण हवेवरच थंड होणारे इंजिन आले. ही परंपरा १९९८ मध्ये संपली. आरंभीच्या काळात या दोन शाखांतील भागांची देवघेव मोकळेपणी चालत असे. जुन्या ३५६ चे महागडे इंजिन निकामी झाले तर मालक तिच्यात स्वस्त फोक्सवॅगन इंजिन बसवून मोकळा होई. उलट हौशी मालक बीटलमध्ये पोर्शेचे इंजिन बसवी. त्यात कोणाला काही वावगे वाटत नव्हते, कारण मोटार चालणे हे सर्वांचे साध्य होते.

कालांतराने जुनी पोर्शे हे वाहन न राहता संग्राह्य वस्तू झाली आणि हिशोब पालटला. मोटार कारखान्यातून निघाली तेव्हा तिच्यात ज्या क्रमांकाचे इंजिन होते तेच आजही आहे काय, या प्रश्नाला निर्णायक महत्त्व आले. ३५६ च्या मालकांसाठी कारखान्याची ‘कार्डेक्स’ ही नोंदपत्रे जन्मपत्रिकेसारखी झाली. एकाच मापाची, एकाच धातूची, सारख्याच उत्तम स्थितीतील दोन इंजिने समोर ठेवली तर यांत्रिकदृष्ट्या त्यांत काडीचा भेद नसतो. परंतु त्यांतील एकाचा क्रमांक विवक्षित मोटारीच्या नोंदीशी जुळत असेल तर त्या मोटारीच्या मालकाच्या लेखी त्याचे मोल अनेक पटींनी वाढते. दशकांपूर्वी विकून टाकलेले इंजिन शोधीत माणसे देशोदेशी पत्रे पाठवू लागली. याबरोबरच क्रमांक खरवडून नवा क्रमांक ठोकण्याची लबाडीही आली, आणि ठोकलेल्या अंकांची वळणे पाहून तिची पारख करणारेही निर्माण झाले. विलक्षण योगायोग असा की १९६८ ते १९७७ या काळातील ९११ ची क्रँककेसही मॅग्नेशियमचीच होती आणि तिचेही स्टड तसेच उपटून येत. व्याधी एकच. परंतु बीटलच्या बाबतीत रुग्ण पेटी सहज बदलली जाई, आणि पोर्शेच्या बाबतीत तीच पेटी, तिच्यावर तो क्रमांक आहे म्हणून, मोठा खर्च सोसून वाचविली जाई.

तिसरे चित्र लॅटिन अमेरिकेचे. जर्मनीत बीटल सेडानचे उत्पादन १९७८ मध्ये थांबले, तरी मेक्सिकोत ‘वोचो’ आणि ब्राझीलमध्ये ‘फुस्का’ या नावांनी ती चालू राहिली. ब्राझीलमध्ये ती १९८६ मध्ये बंद पडली, १९९३ ते १९९६ या काळात पुन्हा निघाली, आणि तेथील ‘कोंबी’ या व्हॅनमध्ये हवेवर थंड होणारे इंजिन २००५ पर्यंत बसविले जात होते. मेक्सिको शहरात हिरव्या-पांढऱ्या वोचो टॅक्सी हजारोंनी धावत. उतारूला शिरता यावे म्हणून चालकाशेजारची बैठक काढून टाकलेली असे. तेथे जुना भाग हा हौसेचा विषय नव्हता, तो रोजच्या भाकरीचा विषय होता. टॅक्सी एक दिवस उभी राहिली तर त्या दिवसाची कमाई बुडे. म्हणून बुएनोस आयरेस आणि दोक्तोरेस या वस्त्यांतील जुन्या भागांच्या दुकानांवर या चालकांची भिस्त असे. या बाजाराला दुसरी बाजूही होती. चोरलेली मोटार काही तासांत उकलली की तिची ओळख पुसली जाते, कारण पेटीवर क्रमांक असतो, पण हेडवर, कार्ब्युरेटरवर, डायनॅमोवर मालकाचे नाव नसते. या वस्त्यांवर चोरीच्या मालाचा संशय सतत राहिला आणि पोलिसांचे छापेही पडत राहिले. जो भाग कोणत्याही मोटारीला लागतो तो कोणत्याही मोटारीतून आलेला असू शकतो. बीटलच्या सार्वत्रिक उपयुक्ततेची ही किंमत होती, आणि ती ज्याची मोटार गेली त्याने मोजली. चार दारांच्या टॅक्सींचा नियम आल्यावर २०१२ च्या अखेरीस शेवटच्या वोचो टॅक्सींचे परवाने संपले.

जुन्या भागांच्या व्यापारावर आणखी एक आक्षेप घेतला जातो तो प्रदूषणाचा. हवेवर थंड होणारी जुनी इंजिने धूर अधिक सोडतात, हे नाकारता येत नाही. नव्या कायद्यांपुढे टिकणे अवघड झाले हे या पद्धतीच्या अस्ताचे एक प्रमुख कारण होते. १९९० मध्ये लॉस एंजेलिसच्या परिसरात एका तेल कंपनीने १९७१ पूर्वीच्या मोटारी प्रत्येकी ७०० डॉलर देऊन विकत घेतल्या आणि अशा ८,००० हून अधिक मोटारी चिरडून टाकल्या. हवा शुद्ध करण्याचा तो एक मार्ग होता. जुन्या मोटारींच्या चाहत्यांनी अशा योजनांना विरोध केला तो केवळ ममत्वापोटी नव्हे. चिरडलेल्या मोटारीबरोबर तिचे धड भागही नष्ट होतात, आणि ते भाग ज्यांच्या आधारावर इतर मोटारी चालतात ते बहुधा अल्प उत्पन्नाचे लोक असतात, असा त्यांचा युक्तिवाद होता. धुराचा त्रास सर्वांना होतो आणि दुरुस्तीचा लाभ थोड्यांना, हे खरे. पण नवी वस्तू घडविण्यासाठीही खाण, भट्टी आणि वीज लागते, हेही तितकेच खरे. या दोन सत्यांचा मेळ घालणारे सूत्र अद्याप सर्वमान्य झालेले नाही.

आजचा बाजार या दोन मूल्यदृष्टींच्या मध्ये उभा आहे. मेक्सिको आणि ब्राझीलमधून नव्या इंजिनांचा पुरवठा थांबल्यानंतर ॲल्युमिनियमच्या नव्या क्रँककेस, नवी हेडे, नवे सिलिंडर बाहेरच्या कारखान्यांत ओतले जाऊ लागले. उपयोगापुरते पाहता त्यांतील काही मूळ भागांहून टिकाऊ आहेत. तरीही जुन्या जर्मन ओतकामाला, अगदी झिजलेल्या स्थितीतही, मागणी असते. दुसरीकडे काही मालक आपल्या बीटलमध्ये विजेची मोटर बसवू लागले आहेत. त्यांनी काढून ठेवलेली चालू इंजिने पुन्हा याच बाजारात येतात. धडधाकट मोटार उकलून भाग वेगवेगळे विकल्यास अधिक पैसे मिळतात, हा मोह व्यापाऱ्याला नेहमीच असतो. त्यामुळे कधी भागांसाठी मोटार मरते आणि कधी भागांमुळे मोटार जगते. आणि बीटलच्या आरंभीच्या इंजिनांच्या बाबतीतही आता क्रमांक जुळण्याची चौकशी होऊ लागली आहे. पोर्शेची वंशावळीची दृष्टी हळूहळू लोकांच्या मोटारीपर्यंत पोहोचली आहे.

या स्थित्यंतरात काही हाती लागले आहे आणि काही सुटले आहे. क्रमांकाचा शोध घेणाऱ्यांमुळे नोंदी जपल्या गेल्या, जुनी कागदपत्रे वाचली गेली, आणि एरव्ही वितळून गेले असते असे पुष्कळसे जतन झाले. परंतु ज्या दृष्टीने कासेलच्या कामगारांनी दहा इंजिनांतील धड भाग निवडून एक इंजिन जुळविले आणि त्यावर ‘एक्स’ ठोकला, ती दृष्टी मागे पडत चालली आहे. त्या दृष्टीत कोणत्याही भागाला कुळाचा अभिमान नव्हता. तो मापात बसतो की नाही आणि किती काळ काम देईल, एवढेच त्याला विचारले जाई. इंजिनाच्या इतिहासातील बहुसंख्य माणसे, तिकिटे चिकटविणारे बचतदार, सक्तीने राबलेले कामगार, भंगारवाड्यातले मजूर, टॅक्सीचालक, ही कोणत्याही क्रमांकात नोंदलेली नाहीत. त्यांच्या श्रमांचे अवशेष उरले असतील तर ते या अनाम भागांमध्येच. म्हणून या इंजिनाचे चरित्र लिहिताना संग्रहालयातील २,१५,२९,४६४ क्रमांकाच्या मोटारीइतकेच लक्ष एखाद्या दुकानाच्या फळीवरील, तीन वेळा कोरलेल्या आणि अजून एका फेऱ्याची शक्यता बाळगणाऱ्या क्रँककेसकडेही द्यावे लागेल.